जुन्या गाडीचा मागचा दिवा : थोड्या खर्चात मोठा बचाव

व्यापारी माणूस दुकानाची पाटी पुढून रंगवतो, पुढे दिवे लावतो, मागची बाजू मात्र तशीच सोडतो. गाडीच्या बाबतीतही आमच्या लोकांची हीच तऱ्हा आहे. पुढचे दिवे मंद झाले की मालक त्याच दिवशी मिस्त्रीकडे जातो, कारण त्याला स्वतःला दिसत नाही. मागचा दिवा मंद झाला तर त्याला काहीच फरक पडत नाही, कारण तो दिवा त्याच्यासाठी नसतोच. तो मागून येणाऱ्यासाठी असतो. स्वतःला न दिसणारे नुकसान माणूस हिशेबात धरत नाही, आणि जुन्या गाडीचे सर्वांत मोठे नुकसान नेमके इथेच होते.

आमच्या वरोऱ्यात आणि आजूबाजूला जुन्या गाड्या अजून शिल्लक आहेत. कोणाकडे वडिलांच्या काळची अँबेसिडर आहे, कोणाकडे प्रीमियर पद्मिनी, कोणाकडे महिंद्राची जुनी जीप. काही शौकाने ठेवल्या आहेत, काही लग्नसराईत वरासाठी सजवल्या जातात, काही आजही आठवडी बाजाराला कापडाचे गठ्ठे घेऊन जातात. पद्मिनी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केली आणि तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला होता. मुंबईत नोंदली गेलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ची. वीस वर्षांची मुदत संपल्यावर, म्हणजे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस, ती टॅक्सी रस्त्यावरून गेली. अँबेसिडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. म्हणजे आता ज्या आहेत त्या जतन करण्याच्याच गाड्या आहेत, आणि जतन करायचे तर मागून ठोकर बसू न देणे ही पहिली अट आहे.

आपला रस्ता कसा आहे हे वाचकांना सांगायला नको. नागपूर-चंद्रपूर मार्ग वरोऱ्यावरून जातो. वणी, माजरी, एकोना, भद्रावती या पट्ट्यात कोळशाच्या खाणी आहेत, त्यामुळे भरलेले ट्रक रात्रंदिवस धावतात. हिवाळ्यात पहाटे धुके, उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात चाकांनी उडवलेले काळे पाणी. चिमूरकडे वळावे तर जंगलाचा अंधार. अशा रस्त्यावर पन्नास वर्षांपूर्वीच्या मोजमापाचा, तळहाताहून लहान दिवा घेऊन आपण चाललेलो असतो आणि मागे दहा चाकांचा ट्रक असतो.

कायदा काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०५ प्रमाणे सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपर्यंत, आणि इतर वेळीही पुरेसा उजेड नसेल तेव्हा, गाडीचे दिवे लागलेले असले पाहिजेत. मागच्या बाजूचा तांबडा दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. नंबरप्लेटवर पांढरा उजेड असा पडला पाहिजे की नंबर १५ मीटरवरून वाचता यावा. याखेरीज मागे दोन तांबडे रिफ्लेक्टरही हवेत. पंधरा वर्षे झालेल्या खासगी गाडीची नोंदणी पुढे चालू ठेवताना परिवहन कार्यालयात गाडी तपासून घ्यावी लागते, तेव्हा हे दिवेही पाहिले जातात.

पण दंडाची भीती ही लहान गोष्ट आहे. मोठी गोष्ट नुकसानभरपाईची. अंधारात दिवा न लावता उभ्या असलेल्या गाडीला कोणी मागून धडकले आणि प्रकरण मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात गेले, तर दिवा नसणे हा गाडीवाल्याच्याही निष्काळजीपणाचा भाग धरला जाऊ शकतो. ठोकर आपल्याला बसली आणि दोषही आपल्या वाट्याला आला, असा हा उलटा सौदा आहे.

अंतराचा हिशेब

ताशी ६० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर. मागच्या चालकाला तांबडे काहीतरी दिसले, ते काय आहे हे उमजले आणि त्याचा पाय ब्रेकवर गेला, यात दीड ते दोन सेकंद जातात. एवढ्यात ट्रक २५ ते ३३ मीटर पुढे आलेला असतो. त्यानंतर भरलेला ट्रक कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी ३५ मीटरच्या आसपास जागा घेतो. एकूण साठ-सत्तर मीटर झाले. ओल्या रस्त्यावर यात आणखी भर घाला. ट्रकचा खाली वाकवलेला पुढचा दिवा साधारण चाळीस-पन्नास मीटरपर्यंतच नीट उजेड टाकतो. याचा अर्थ सरळ आहे. आपली गाडी त्याच्या उजेडात येईपर्यंत आपण वाट पाहिली, तर त्याला थांबायला जागा उरत नाही. आपला दिवा त्याच्या उजेडाच्या पलीकडून त्याला दिसला पाहिजे.

कापडाच्या धंद्यातली एक गोष्ट इथे उपयोगी पडते. संध्याकाळी दुकानातला दिवा लावण्याआधी लाल साडी आणि हिरवी साडी शेजारी ठेवून पाहा. उजेड कमी होऊ लागला की लाल आधी काळवंडते, हिरवी मात्र अजून दिसत राहते. डोळ्याचा हा गुण पुर्किन्ये नावाच्या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात नोंदवला. म्हणून मरून किंवा गर्द रंगाची जुनी गाडी तिन्हीसांजेला रस्त्यात विरघळून जाते. गाडीच्या रंगावर विसंबता येत नाही, विसंबायचे ते जळत्या दिव्यावर.

पहिला धडा : आधी पाहून घ्या

खर्च करण्याआधी माल तपासावा हा व्यापाराचा नियम. अंधार पडल्यावर गाडी मोकळ्या मैदानात उभी करा, घरातल्या कोणाला तरी स्टिअरिंगवर बसवा आणि मागे दोनशे पावले चालत जा. साधारण पाऊण मीटरचे पाऊल धरले तर हे दीडशे मीटर होतात. तिथून वळून पाहा. दोन्ही दिवे दिसतात का? दोन्ही सारखेच दिसतात का? आता खूण करून ब्रेक दाबायला सांगा. ब्रेकचा दिवा साध्या दिव्यापेक्षा स्पष्टपणे जास्त लागला, की नुसता थोडासा हलला? इंडिकेटर लावल्यावर बाजू कळते का? हीच तपासणी एकदा दुपारच्या उन्हात पन्नास पावलांवरून करा. ब्रेकचा दिवा उन्हातही कळला पाहिजे. जे दिसले ते कागदावर लिहून ठेवा, म्हणजे काम झाल्यावर ताळा करता येईल.

दुसरा धडा : काच आणि तिच्यामागचा आरसा

दिव्याची लाल काच, जी बहुतेक गाड्यांत प्लास्टिकची असते, स्क्रू काढून मोकळी करा. बाहेरून आपण कधीतरी पुसतो, पण आतून वर्षानुवर्षे कोळशाची भुकटी आणि धूळ साचलेली असते. कोमट पाणी आणि साबण एवढे पुरे. पेट्रोल किंवा थिनर लावू नका, प्लास्टिक पांढरे पडते किंवा तडकते. बारीक ओरखडे असतील तर मऊ कापडावर पॉलिश घेऊन हलक्या हाताने घासावे. काच उन्हाने गुलाबी पडली असेल तर बदललीच पाहिजे, कारण तिच्यातून येणारा दिवा तांबडा राहत नाही.

काचेच्या मागे जो वाटीसारखा भाग असतो तो आरशाचे काम करतो. बल्बचा बराचसा उजेड मागे आणि बाजूला जातो, तो पुढे फेकण्याचे काम या वाटीचे. तिला गंज चढला की तो उजेड तिथेच मरतो. पॉलिशपेपरने गंज काढून चकचकीत रुपेरी किंवा शुभ्र पांढरा रंग द्यावा. शेवटी काचेखालची रबरी गॅस्केट नवी बसवावी, नाहीतर पहिल्याच पावसात पाणी शिरून मेहनत वाया जाते.

तिसरा धडा : अर्थ आणि वायर

आमच्या घरच्या पद्मिनीचे मागचे दिवे मंद झाले तेव्हा आम्ही जास्त ताकदीचे बल्ब मागितले. गॅरेजमधल्या तरुण मिस्त्रीने एवढेच म्हटले, "चाचा, बल्बला दोष देऊ नका. आधी अर्थ पाहू द्या." या एका वाक्यात निम्मी विद्या आहे.

जुन्या गाडीत बॅटरीकडून एक वायर बल्बपर्यंत येते आणि परतीचा रस्ता गाडीच्या पत्र्यातून असतो. पत्रा गंजला, स्क्रूखाली रंग साचला की हा परतीचा रस्ता अडतो. साध्या बल्बचा स्वभाव असा की व्होल्टेज थोडे उतरले तरी उजेड फार उतरतो. १२ व्होल्टच्या जागी १०.८ व्होल्ट पोचले, म्हणजे दहा टक्के कमी झाले, तर उजेड सुमारे तीस टक्के कमी होतो. वीस टक्के व्होल्टेज उतरले तर उजेड निम्म्याहूनही खाली जातो. बल्ब नवा आहे, बॅटरी चांगली आहे आणि दिवा मात्र मिणमिणता आहे, याचे कारण बहुधा हेच असते.

ओळखण्याची खूण सोपी आहे. इंडिकेटर लावला की मागचा दिवाही त्याच्याबरोबर फडफडतो, किंवा ब्रेक दाबला की इंडिकेटर दबतो, तर अर्थ खराब समजावा. मल्टीमीटर असेल तर दिवा लावून बल्ब होल्डरचे अंग आणि बॅटरीचा अर्थाकडचा खांब यांच्यामध्ये व्होल्टेज मोजा. ते जवळजवळ शून्य हवे. अर्धा व्होल्ट दिसला तरी दुरुस्ती लागेल. उपाय असा की होल्डरपासून वेगळी काळी वायर ओढून चॅसिसवर घासून स्वच्छ केलेल्या जागी बोल्टने आवळावी आणि वर थोडे ग्रीस किंवा व्हॅसलिन लावावे. होल्डरमधली गंजलेली स्प्रिंग आणि संपर्काचा ठिपका घासून घ्यावा. शेजारी शेजारी पीळ देऊन टेप गुंडाळलेले जोड कापून नीट जोडावेत.

ब्रेकचा स्विचही पाहा. अनेक जुन्या गाड्यांत हा स्विच ब्रेक तेलाच्या दाबावर चालतो. म्हातारा झाला की पाय जोरात दाबल्यावरच दिवा लागतो. हलका ब्रेक मारताना दिवाच लागत नसेल तर मागच्याला इशारा मिळत नाही. स्विच बदलणे हे लहान काम आहे, पण ब्रेकमध्ये हवा शिरू नये म्हणून जाणत्या मिस्त्रीकडूनच करावे.

चौथा धडा : बल्ब

मागच्या बल्बमध्ये सहसा दोन तारा असतात, ५ वॅटची साध्या दिव्यासाठी आणि २१ वॅटची ब्रेकसाठी. ठराविक मापाप्रमाणे पहिलीचा उजेड सुमारे ३५ ल्युमेन आणि दुसरीचा सुमारे ४४० ल्युमेन असतो. बारा पटींचा हा फरक हाच ब्रेकचा इशारा. या बल्बच्या दोन खिट्या मुद्दाम वर-खाली दिलेल्या असतात, म्हणजे तो उलटा बसू नये. पण झिजलेल्या होल्डरमध्ये तो उलटा कोंबला जातो. मग साधा दिवा भडक आणि ब्रेकचा दिवा मंद असा उलटा कारभार होतो. तेव्हा खिट्या पाहूनच बल्ब बसवा आणि दोन्ही बाजूंना एकाच जातीचा बसवा. जास्त वॅटचा बल्ब घालण्याचा मोह टाळा. उष्णतेने प्लास्टिकची काच वितळते आणि जुनी वायर तापते.

आता एलईडीचा प्रश्न. एलईडीचे दोन फायदे खरे आहेत. वीज फार थोडी लागते, त्यामुळे जुन्या डायनॅमोवरचा भार हलका होतो. गाडी थांबलेली असताना डायनॅमो पुरेशी वीज देत नाही, हे जुन्या गाडीवाल्यांना ठाऊकच आहे. दुसरा फायदा वेळेचा. साध्या बल्बची तार पूर्ण तापायला सेकंदाचा सुमारे पाचवा हिस्सा जातो, एलईडी तत्काळ लागतो. ताशी ८० किलोमीटर वेगात एवढ्या वेळात गाडी चार मीटरहून जास्त धावते. म्हणजे एका अँबेसिडरच्या लांबीएवढे अंतर मागच्या चालकाला फुकट मिळते.

पण डोळे झाकून घेऊ नका. चार गोष्टी पारखून घ्या.

१) लाल काचेमागे लाल एलईडीच घ्यावा. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक कापड दुकानाच्या ट्यूबलाइटखाली पसंत करते आणि बाहेर उन्हात नेऊन पुन्हा पाहते, कारण ज्या उजेडात जो रंग नाही तो कापडावरही उठत नाही. इथेही तेच. पांढऱ्या एलईडीत लाल रंगाचा हिस्सा थोडा असतो, म्हणून लाल काचेतून उजेड गुलाबी किंवा फिका निघतो.

२) साधा दिवा आणि ब्रेक यांच्या उजेडात ठळक फरक हवा. स्वस्त मालात दोन्ही जवळजवळ सारखे असतात, मग ब्रेक लागला हे कळतच नाही. शिवाय एलईडीची तोंडे बाजूलाही असावीत, म्हणजे मागची वाटी उजळते. नुसती टोकाशी एलईडी असतील तर समोरून भडक आणि बाजूने अंधार होतो.

३) अर्थ कोणत्या बाजूला आहे ते विचारा. जुन्या ब्रिटिश बनावटीच्या अनेक गाड्यांत बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू पत्र्याला जोडलेली असते. साध्या बल्बला त्याचे काही नसते, एलईडी मात्र उलटा जोडला की लागत नाही. काही फार जुन्या गाड्या ६ व्होल्टच्या आहेत, त्यांना १२ व्होल्टचा माल चालत नाही.

४) इंडिकेटरला एलईडी लावला तर जुना फ्लॅशर बिघडल्यासारखा वागतो, कारण तो बल्बच्या करंटने तापून टिकटिक करतो. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्यावा लागतो. इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकला पाहिजे.

दुकानात बल्ब लागला एवढ्यावर समाधान मानू नका. गाडीत बसवून दोनशे पावलांवरून पाहा आणि मगच पैसे चुकते करा.

पाचवा धडा : तिसरा ब्रेक दिवा

मागच्या काचेच्या मध्यभागी उंचावर एक जादा ब्रेक दिवा, ही पद्धत अमेरिकेत १९८६ च्या मॉडेलपासून नव्या मोटारींना सक्तीची झाली. तिथल्या सरकारी रस्ता सुरक्षा खात्याने १९९८ च्या अहवालात हिशेब काढला, तेव्हा या एका दिव्यामुळे मागून होणाऱ्या धडका कायमस्वरूपी सुमारे ४.३ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. चार टक्के ऐकायला थोडे वाटतात. पण एका लहान दिव्याच्या खर्चात लाखो गाड्यांमागे चार टक्के म्हणजे किती घरे वाचली, हे व्यापाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही.

जुन्या गाडीत तो आतून, काचेला लागून बसवावा, म्हणजे पत्र्याला भोक पाडावे लागत नाही आणि हवा तेव्हा काढता येतो. वायर डिक्कीतल्या ब्रेकच्या वायरीला जोडावी. दिव्याच्या कडेने काळ्या कापडाची किंवा रबराची पट्टी लावावी, नाहीतर त्याची झळक काचेत उमटून चालकाच्याच डोळ्यात येते.

सहावा धडा : वीज नसतानाचा दिवा

बॅटरी बसली, फ्यूज उडाला, गाडी रस्त्याच्या कडेला बंद पडली, तर वरचे सगळे उपाय थांबतात. तेव्हा कामाला येतो तो रिफ्लेक्टर. ज्या दिशेने उजेड येतो त्याच दिशेला तो परत पाठवतो, म्हणून ट्रकवाल्याला तो जळता वाटतो. बंपरच्या दोन टोकांना दोन चांगले तांबडे रिफ्लेक्टर लावावेत. मागच्या बाजूला रंग तांबडाच असावा, पांढरा कधीही नको, कारण पांढरा दिसला की गाडी समोरून येते आहे असा समज होतो. डिक्कीत चमकणारा त्रिकोण ठेवावा. आणि कापडाचे गठ्ठे डिक्कीबाहेर काढून दोरीने बांधण्याची जी आपली सवय आहे, तीत दिवे झाकले जात नाहीत ना, हे निघण्याआधी मागे जाऊन पाहावे. झाकलेला चांगला दिवा आणि बंद दिवा यांत फरक नाही.

गाडीचा अस्सलपणा राखून

ज्यांची गाडी पन्नास वर्षांहून जुनी आहे त्यांच्यासाठी एक सूचना. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे वेगळे नियम आणले. त्यांत गाडी मूळ रूपात असावी, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल नसावा अशी अपेक्षा आहे. अशा नोंदणीची गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. म्हणून जे कराल ते परत काढता येईल असे करा. जुना होल्डर, जुना फ्लॅशर कागदात गुंडाळून वर नाव लिहून ठेवा. नव्या फॅशनचे दिवे बसवण्यासाठी पत्रा कापू नका. काळा धुरकट कागद तर दिव्यावर मुळीच चिकटवू नका. शोभेसाठी इशारा झाकणे हा शहाणपणा नव्हे.

धंद्याच्या नजरेने

शेवटी दोन शब्द आमच्या तरुणांसाठी. नव्या गाड्यांची विजेची कामे आता कॉम्प्युटर जोडून होतात. जुन्या गाडीची वायरिंग हाताने, कानाने आणि टेस्ट लॅम्पने समजून घेणारे कारीगर कमी होत चालले आहेत. वरोऱ्याहून चंद्रपूर पन्नास किलोमीटरच्या आत आणि नागपूर शंभराच्या आसपास आहे. जो मुलगा हा हुन्नर नीट शिकेल, अर्थ मोजून देईल, काम झाल्यावर मालकाला दोनशे पावलांवर नेऊन दिवा दाखवेल, त्याच्याकडे गिऱ्हाईक या दोन्ही शहरांतून येईल. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि मालवाहू गाड्या तर दाराशीच आहेत. त्यांच्या मागच्या दिव्यांची अवस्था जुन्या मोटारींहून वाईट आहे आणि इलाज हाच आहे.

वरील कामांतली पहिली तीन, म्हणजे तपासणी, साफसफाई आणि अर्थ, यांना मिळून एका साध्या शर्टपीसच्या किमतीहून फारसा जास्त खर्च येत नाही, बाकी मेहनत आहे. या तिघांनीच बहुतेक गाड्यांचे दिवे सुधारतात. म्हणून क्रम मोडू नका. आधी अर्थ, मग बल्ब, मग तिसरा दिवा. दर महिन्याला जसे आपण उधारीचे खाते पाहतो, तसे एका संध्याकाळी गाडीच्या मागे उभे राहून तिचे दिवे पाहावेत. बाजाराहून परतताना डिक्कीत माल असतो आणि मागच्या सीटवर लेकरे झोपलेली असतात. मालाचा विमा काढता येतो. लेकरांसाठी मागचा दिवाच शाबूत ठेवावा लागतो.